संत्रा दरवर्षी कुजतोय? फळ कुठल्या टोकाने सडलं ते आधी बघा

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या फुलांचा, संत्रा ऑगस्ट-सप्टेंबरात झाडाखाली सडा पडावा तसा पडतो. जो झाडावर टिकतो तो नोव्हेंबरात तोडून कॅरेटमध्ये भरला की चार-पाच दिवसांत तळातून ओल सुटते, आणि नागपूरच्या कळमना बाजारातल्या लिलावात दहा-वीस नासक्या फळांपायी अख्ख्या ढिगाचा भाव उतरतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, तिकडे वरुड-मोर्शी, कुठेही जा, तक्रार हीच आहे. उपायही सगळीकडे एकच सांगितला जातो: "बुरशीनाशक मारून द्या." फवारणी होते, पैसे जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

एक गोष्ट आधी समजून घ्या. आपल्या बागेत एक रोग नाही, निदान तीन आहेत, आणि तिघांची राहण्याची जागा वेगळी आहे. एक मातीतल्या पाण्यात राहतो. दुसरा झाडावरच्या वाळलेल्या काड्यांत. तिसरा तोडणीच्या वेळी फळाला झालेल्या जखमेतून आत शिरतो. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि तिसऱ्याला तर झाडावरच्या फवारणीने फारसा फरकच पडत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी झाडाखाली जा.

पडलेलं फळ हातात घ्या

संध्याकाळी बागेतली वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा झाडं निवडा. एखादं उताराच्या खालच्या अंगाचं, एखादं धुऱ्याजवळचं, एखादं चांगल्या जागेवरचं. त्यांच्याखालचा सगळा पडलेला माल उचलून घ्या, झाडाखाली एकही फळ ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जी फळं पडलेली दिसतील तीच तपासायची. दोन दिवस जमिनीवर राहिलेल्या फळावर मुंग्या, माश्या आणि भलत्याच बुरशा चढतात आणि मूळ कारण झाकून जातं. अशा जुन्या फळाकडे बघून केलेलं निदान बहुतेक वेळा चुकतं.

आता एकेक फळ हातात घेऊन देठाची बाजू बघा. देठाच्या टिकलीभोवती, म्हणजे फळाला देठ जिथे चिकटतो त्या छोट्या चकतीभोवती, तपकिरी किंवा काळपट गोल डाग असेल तर धारदार चाकूने फळ देठापासून बुडापर्यंत उभं कापा. मधल्या पांढऱ्या गाभ्यातून तपकिरी रेघ खाली उतरताना दिसेल. कधी ही रेघ थेट दुसऱ्या टोकापर्यंत पोचलेली असते आणि बाहेरची साल मात्र अजून बरी दिसते. कधी गाभा आतून काळा पडलेला असतो आणि बाहेरून फक्त एवढंच दिसतं की फळाने बाकीच्यांच्या आधी रंग धरला. हा देठकुजीचा ढीग.

दुसऱ्या ढिगात अशी फळं येतील की ज्यांचा डाग बुडाकडून किंवा जमिनीकडे असलेल्या बाजूने सुरू झाला आहे. डाग फिकट तपकिरी, कातड्यासारखा, दाबला तरी पटकन फुटत नाही. नाकाजवळ नेलं तर एक उग्र, आंबूस वास येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. दमट सकाळी त्यावर पांढरी लव दिसते. ही फळं झाडाच्या खालच्या दोन-तीन फुटांतली असतात, वरच्या फांद्यांवर हा डाग सहसा दिसत नाही. हा तपकिरी कुजीचा ढीग.

तिसऱ्या ढिगात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असलेली फळं टाका. छिद्राभोवती ओलसर वर्तुळ असतं आणि दाबलं की रस येतो. हे रात्री येणाऱ्या रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. नंतर तिथे बुरशी वाढते खरी, पण सुरुवात तिने केलेली नसते. फळ कापल्यावर आत अळ्या दिसल्या तर फळमाशी.

आणि चौथा ढीग डाग नसलेल्या फळांचा. देठाशी स्वच्छ सुटलेलं, निरोगी दिसणारं फळ. हे झाडाने स्वतः सोडून दिलेलं असतं: भार जास्त, अन्नद्रव्य कमी, किंवा मुळं पाण्यात गुदमरलेली.

चारही ढीग शेजारी शेजारी मांडा आणि बघा कोणता मोठा आहे. तुमच्या बागेचं औषध त्या ढिगावरून ठरतं, शेजाऱ्याच्या बागेवरून नाही. एकाच बागेत खोलगट भागात दुसरा ढीग मोठा आणि जुन्या झाडांच्या भागात पहिला ढीग मोठा असंही होतं, तेव्हा त्या दोन भागांना दोन वेगळ्या बागा समजून चाला.

बुडाकडून कुजतंय: दुखणं पाण्याचं आहे

तपकिरी कूज, खोडातून डिंक गळणं म्हणजे डिंक्या, आणि मूळकूज या तिन्हींमागे फायटोफ्थोरा आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. जमीन पाण्याने भरली की ते मुळांकडे जातात, पावसाचा थेंब जोरात आपटला की मातीसकट उडून खालच्या फळांवर बसतात, आणि पाटाने पाणी दिलं की एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वाहत जातात. आपली भारी काळी जमीन पाणी लवकर सोडत नाही. आठवडाभर झड लागली की त्याला हवं ते सगळं मिळतं.

इथे द्राक्षवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार भुरी आणि डावणी या द्राक्षाच्या दोन रोगांत कधी गल्लत करत नाही. भुरीचं औषध डावणीला चालत नाही हे त्याच्या घरातल्या पोरालाही माहीत असतं. आपला फायटोफ्थोरा हा त्या डावणीच्याच कुळातला, खऱ्या बुरशीपेक्षा वेगळा जीव. म्हणूनच कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक कितीही मारलं तरी त्याला काही होत नाही. आणि आपल्याकडे पडझड दिसली की पहिल्यांदा कार्बेन्डाझिमच मारलं जातं. दरवर्षीच्या वाया जाणाऱ्या खर्चाचा मोठा वाटा इथे आहे असं माझं ठाम मत आहे.

औषधाआधी पाणी काढा. उताराच्या दिशेने दर दोन ओळींनंतर हात-दीड हात खोल चर पावसाळ्याआधी मोकळा झालाच पाहिजे. नुसता काढून भागत नाही, त्याचं तोंड नाल्यापर्यंत उघडं आहे का ते पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बघून या. चर अर्ध्या बागेत संपत असेल तर त्या टोकाची झाडं आधी जातात.

मग खोड बघा. कलमाचा डोळा, म्हणजे खालच्या खुंटावर संत्रा जोडलेली जागा, कुठे आहे? जमिनीपासून निदान वीतभर वर दिसायला हवा. अनेक बागांत वखरणी करता करता, शेणखत टाकता टाकता माती खोडाकडे चढत गेलेली असते आणि डोळा गाडला गेलेला असतो. रंगपूर लाईम या लिंबाचा खुंट डोळ्यावरच्या संत्र्याच्या सालीपेक्षा जास्त सोसतो, म्हणून तर आपण कलम लावतो. डोळाच मातीत गेला की त्या खुंटाचा उपयोग राहत नाही. हाताने माती मागे ओढा, खोड मोकळं करा. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं करा: आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात. ठिबक असेल तर ड्रिपर खोडापासून दूर, झाडाच्या घेराखाली सरकवा. ड्रिपर खोडाला टेकून थेंब थेंब साल भिजवत असतो आणि आपण वर फवारणी करत असतो, हे चित्र फार ठिकाणी दिसतं.

जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्या उचलून बांधा किंवा छाटा. त्या फांद्यांवर माल असतो, जीव होत नाही हे खरं. पण कुजणारा मालही तोच असतो, आणि नंतर तोच कॅरेटमध्ये बाकीच्यांना लागतो. झाडाखाली वाळलेल्या गवताचं आच्छादन असेल तर थेंबासोबत माती उडत नाही. ते खोडाला भिडवू नका, एवढं सांभाळा.

खोडाला बोर्डो मलम वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या दोन बादल्या घ्या, लोखंडाचं भांडं नको. एकीत मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात लटकवून ठेवा, सकाळपर्यंत विरघळतो. दुसरीत कळीचा चुना विझवून थंड होऊ द्या आणि गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि लाकडी काडीने ढवळत राहा. रंग आकाशासारखा निळा यायला हवा. घासून चकचकीत केलेला खिळा किंवा विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद जास्त आहे, अजून चुन्याचं पाणी घाला आणि परत तपासा. ही परीक्षा न करता लावलेलं मलम कोवळी साल भाजतं. खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावा, आणि बनवलेलं त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही.

डिंक गळत असेल तिथली साल धारदार चाकूने निरोगी हिरवट भाग लागेपर्यंत खरवडा, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने पुसा आणि मग मलम लावा. खरवडलेली साल तिथेच टाकू नका, गोळा करून जाळा. चाकू पुढच्या झाडाला लावण्याआधी धुवा.

आता औषध. मेटॅलॅक्झिल-एम अधिक मॅन्कोझेब किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम, लिटरला अडीच ग्रॅम. पावसाळा बसल्यावर पहिलं, पुढचं महिना-दीड महिन्याने. मेटॅलॅक्झिलचं पाणी आळ्यातही देता येतं. फोसेटिल पानांवर फवारलं तरी झाडातून खाली मुळांपर्यंत उतरतं, त्यामुळे चिखलात आळवणी जमत नसेल तेव्हा ते सोयीचं. फोसेटिल आणि तांब्याचं कुठलंही औषध, बोर्डो धरून, एका टाकीत मिसळू नका, पानं-फळं भाजतात. फवारा खालच्या फळांना आणि फांद्यांच्या आतल्या बाजूला बसला पाहिजे. वरून धुकं सोडून ट्रॅक्टर पुढे नेला तर नेमकी खालचीच फळं कोरडी राहतात. ट्रायकोडर्मा द्यायचा असेल तर शेणखतात मुरवून आळ्यात द्या, मात्र तांब्याच्या किंवा इतर बुरशीनाशकाच्या आळवणीच्या जोडीला नको.

देठाकडून कुजतंय: सल काढली का?

देठकुजीच्या बुरशा, कोलेटोट्रायकम, डिप्लोडिया, अल्टरनेरिया, वर्षभर झाडावरच असतात. कुठे? सलीत, म्हणजे झाडावरच वाळून राहिलेल्या काड्या-फांद्यांत. जवळून बघा. वाळलेल्या काडीवर काळे बारीक ठिपके दिसतात, बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. पावसात त्या ठिपक्यांतून लाखो बीजाणू बाहेर येतात आणि पाण्यासोबत खाली वाहत फळाच्या देठाच्या टिकलीखाली जाऊन बसतात. तिथे ते शांत राहतात. झाड अशक्त झालं, पाण्याचा ताण बसला किंवा फळ तोडलं गेलं की टिकली वाळू लागते आणि बुरशी आत उतरते. बागेत सप्टेंबरात गळणारं फळ आणि नागपुरातून निघालेल्या ट्रकमध्ये डिसेंबरात देठाशी काळं पडणारं फळ, दोघांची लागण याच काडीवरून झालेली असते.

म्हणून सल काढणं हीच खरी फवारणी, असं मी जो विचारेल त्याला सांगतो. माल तोडून झाला की लगेच, आणि कुठल्याही परिस्थितीत पावसाळ्याआधी. वाळलेली काडी जिथे मेली तिथे कापू नका, हिरव्या भागात दोन-तीन सेंटीमीटर आत जाऊन कापा, कारण बुरशी वाळलेल्या भागाच्या पुढे सरकलेली असते. जाड फांदी कापली तर त्या जखमेवर बोर्डो मलम लावा. झाडाच्या पोटातले पाणसोट, म्हणजे सरळ वर जाणारे, फळ न देणारे कोंब, काढून टाका म्हणजे उजेड-वारा खेळतो आणि फळ लवकर सुकतं. कापलेला सगळा कचरा धुऱ्यावर रचून ठेवायचा नाही. धुऱ्यावरची सलही पावसात तेच काम करते.

मजूर मिळत नाही, सल काढायला फार दिवस जातात, हे सगळं मान्य. तरी फवारणीचा एक हात कमी करून तो पैसा सलीवर घाला. मोठ्या, जुन्या झाडांच्या बागेत तर यात शंकाच नको.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, खिळ्याची परीक्षा इथेही. पुढे जुलै ते सप्टेंबर फळावर देठकूज दिसत असेल तर ॲझॉक्सिस्ट्रोबिन अधिक डायफेनोकोनॅझोल लिटरला एक मिली, किंवा थायोफेनेट मिथाईल लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने आलटून पालटून. कार्बेन्डाझिमचा उपयोग असलाच तर इथे आहे. पण थायोफेनेट आणि कार्बेन्डाझिम आतून एकाच जातीचे, त्यांची आलटापालट ही आलटापालट नव्हेच. एकच गट सतत वापरला की बुरशी त्याला सरावते. अल्टरनेरियावर हा गट तसाही कमजोर आहे, त्यामुळे काळा गाभा दिसत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं, ते पाळा. लेकरं हे फळ न धुता सोलून खातात.

गळ थांबवायला २,४-डी किंवा जिबरेलिक ॲसिडची फवारणी सांगितली जाते. चौथ्या ढिगासाठी ती बरोबर आहे, आणि टिकली हिरवी राहिल्याने देठकुजीलाही थोडा आळा बसतो. मात्र दुसऱ्या ढिगाला तिचा काहीही उपयोग नाही. आणि २,४-डीच्या बाबतीत हात जोडून सांगतो: शेजारी कपाशी असेल तर वारा बघा, आणि तो पंप पुन्हा कपाशीत नेऊ नका. कपाशीला त्याचा अंशही सोसत नाही, पानं पंजासारखी आखडतात.

पतंग आणि कोळशी यांच्याबद्दल थोडक्यात. पतंगाच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, म्हणून धुऱ्यावरच्या या वेली काढा, फळं पिकू लागली की संध्याकाळी बागेत धूर करा आणि पडलेली फळं रोज उचला. कोळशी म्हणजे पानाफळांवरचा काळा थर. ही बुरशीच, पण ती काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढते. माशीचा बंदोबस्त केल्याशिवाय बुरशीनाशक मारून ती जात नाही.

तोडणीचा दिवस

झाडावर चांगला दिसणारा माल कॅरेटमध्ये का नासतो? उत्तर बहुतेक वेळा तोडणाऱ्याच्या हातात असतं. नागपुरी संत्र्याची साल सैल आहे, सोलायला सोपी, आणि त्यासाठीच लोकांना तो आवडतो. पण फळ हाताने ओढलं की हीच सैल साल देठाशी फाटते. टिकली झाडावर राहते आणि फळाच्या डोक्यावर उघडी जखम. हिरव्या बुरशीला, पेनिसिलियमला, एवढंच हवं असतं. अखंड सालीतून तिला आत जाता येत नाही.

कात्रीने तोडा. देठ टिकलीलगत, सपाट कापा. लांब देठ ठेवला तर तो कॅरेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो. तोडणाऱ्यांची नखं कापलेली हवीत, हातात सुती मोजे असले तर उत्तम. पिशवीतून कॅरेटमध्ये फळ ओतायचं नाही, सोडायचं. जमिनीवर पडलेलं फळ वेगळं ठेवा, ते निरोगी दिसलं तरी लांबच्या गाडीत नको.

सकाळी दव असताना तोडणी नको. नऊ-दहा वाजेपर्यंत फळ कोरडं होऊ द्या. पहाटे साल पाण्याने तट्ट फुगलेली असते, जरा दाब पडला की तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे तपकिरी चट्टा येतो. पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबा. हे थांबणं फार जड जातं, विशेषतः भाव चांगला असताना. पण पावसात तोडलेल्या मालातली तपकिरी कूज भरताना दिसत नाही. लागण झालेली असते, डाग उमटलेला नसतो, आणि तो गाडीत उमटतो.

बाग फळावर विकली असेल तर तोडणी व्यापाऱ्याच्या माणसांची. त्यांना माल मोजून न्यायचा असतो, तुमच्या झाडाची काळजी त्यांना नसते. सौदा ठरतानाच बोलून घ्या: कात्रीने तोडायचं, फांद्या ओढायच्या नाहीत, नासका माल झाडाखाली टाकून जायचं नाही. ओढून तोडल्याने मोडलेल्या काड्याच पुढच्या वर्षीची सल होतात.

कॅरेट, पाणी, गोदाम

हिरव्या बुरशीची ओळख सोपी आहे. आधी सालीवर मऊ, पाणी भरल्यासारखा डाग येतो, बोटाने दाबला की फुटतो. मग पांढरी बुरशी, आणि मधून हिरवी भुकटी. वीस-पंचवीस अंश हे तिचं आवडतं हवामान. जखमेपासून हिरव्या भुकटीपर्यंत पोचायला तिला आठवडाही लागत नाही. त्या एका फळावर कोट्यवधी बीजाणू असतात. असं फळ उचलून कॅरेटवर आपटलं की ते सगळ्या गोदामात उडतात आणि पुढच्या मालाची वाट बघत बसतात.

दरवर्षी तेच कॅरेट, तीच ताडपत्री, तेच गोदाम. मागच्या हंगामाची सुकलेली साल कॅरेटच्या कोपऱ्यात चिकटलेली असते. हंगामाआधी कॅरेट घासून धुवा आणि क्लोरीनच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवा. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट मिळालं तर शंभर लिटर पाण्यात दोनशे मिली घाला, म्हणजे क्लोरीनचं प्रमाण शंभर पीपीएम होतं. फळ धुवायलाही हेच पाणी चालतं, मिनिट-दोन मिनिटं. पाणी मातीने गढूळ झालं की क्लोरीन संपतं, मग ते नुसतं बुरशीचं पाणी उरतं आणि प्रत्येक फळाला लागण देतं. म्हणून फळ आधी साध्या पाण्याने धुऊन मगच यात घाला आणि पाणी वेळोवेळी बदला. क्लोरीन सालीवरचे बीजाणू मारतं, जखमेत शिरलेली बुरशी मारत नाही. तिच्यासाठी खाण्याच्या सोड्याचं तीन टक्के द्रावण, म्हणजे शंभर लिटरला तीन किलो, काही प्रमाणात कामाला येतं. त्यातून काढल्यावर फळ स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा. ओलं फळ कॅरेटमध्ये भरण्यापेक्षा न धुतलेलं भरलेलं बरं.

छाननीची जागा आणि नासका माल टाकायची जागा यांत अंतर हवं. नासकी फळं गोदामाच्या दारात ढीग लावून ठेवली आणि वारा आत येत असला तर बाकी मेहनत व्यर्थ आहे. खड्डा करा, पुरा, चुना टाका.

कुणी विचारतं, द्राक्षाच्या पेटीत गंधकाच्या वायूचा कागद घालतात तसा संत्र्यात का नाही? तो कागद द्राक्षावरच्या करड्या बुरशीसाठी आहे. त्या वायूने इतर बहुतेक फळांना इजाच होते. संत्र्याला मेणाचा थर हाच पर्याय, तोही धुऊन सुकवलेल्या फळावर. हिरवा माल पिवळा करायला इथिलीन किंवा इथेफॉन वापरत असाल तर लक्षात ठेवा: त्याने टिकली लवकर वाळते आणि डिप्लोडियाला दार उघडतं. ज्या बागेची सल काढलेली नाही तिचा माल रंगवायला ठेवूच नका. कार्बाइडला कायद्याने बंदीच आहे.

शीतगृहात सहा-सात अंश आणि भरपूर दमटपणा लागतो. त्याहून थंड केलं तर नागपुरी संत्र्याच्या सालीला थंडी बाधते, डाग पडतात आणि बाहेर काढल्यावर तीच जागा कुजते. दुसऱ्या फळांसोबत दोन-तीन अंशांच्या खोलीत संत्रा ठेवण्याआधी याचा विचार करा.

तरीही नासतोय?

प्रत्येक तोडणीच्या वेळी बागेच्या प्रत्येक भागातून एक कॅरेट बाजूला काढा, त्यावर भागाचं आणि तोडणाऱ्या टोळीचं नाव लिहा आणि घरातच सावलीत दहा-बारा दिवस ठेवा. रोज बघा. हिरवी भुकटी जास्त आली तर तोडणी आणि धुण्याकडे बघा. देठाशी काळं पडलं तर सल. कातड्यासारखा तपकिरी डाग आला तर त्या भागाचं पाणी आणि खालच्या फांद्या. गेलेला माल व्यापारी दाखवत नाही, फक्त पैसे कापतो. हे कॅरेट तुम्हाला दाखवेल.

निदान जमलं नाही तर नमुना घेऊन नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा काटोलच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात जा. पूर्ण सडलेलं फळ नेऊ नका, त्यात सगळंच सापडतं. अर्धं चांगलं, अर्धं डागाळलेलं, त्याच सकाळी पडलेलं फळ न्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. काडी नेत असाल तर हिरवा आणि वाळलेला भाग जिथे मिळतो तो तुकडा हवा. मुळांसाठी झाडाच्या घेराखालची, वीतभर खोलीची ओलसर माती बारीक तंतुमुळांसह प्लास्टिक पिशवीत घ्या, चार-पाच आजारी झाडांची एकत्र आणि एका निरोगी झाडाची वेगळी. पिशवी गाडीच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका. मातीतला फायटोफ्थोरा वाळला किंवा भाजला तर तपासणीत उगवत नाही आणि अहवाल चुकीचा येतो. सोबत एका कागदावर झाडाचं वय, खुंट, जमीन, पाणी देण्याची पद्धत आणि गेल्या दोन महिन्यांत मारलेल्या औषधांची नावं तारखांसह लिहून न्या.